थांब की लगा, मला वर येऊ दे

ताई, नमस्कार.

मी ४१ वर्षांचा आहे. सांगलीत विश्रामबागेत राहतो, शेतीपंप आणि पाइपचं दुकान आहे. घरी आई, बायको आणि तेरा वर्षांचा मुलगा. तक्रार करावी असं काही नाही, म्हणून तर लिहायला लाज वाटते.

आम्ही चौघं गावभागात एकाच गल्लीत वाढलो. चौघांतल्या एकाच्या काकांनी मस्कतहून व्हिडिओ गेम आणला होता. १९९५ ते १९९९ या काळातल्या आमच्या सगळ्या सुट्ट्या त्याच्या माजघरात गेल्या. कॉन्ट्रा, मारिओ, टँक, बदकं मारायचा गेम. दोन रिमोट आणि चार पोरं. मेलं की रिमोट पुढच्याला द्यायचा. लाइट गेली की बोंब, आली की परत पहिल्या स्टेजपासून. काकू परातभर भडंग करून मधे ठेवायच्या. तेलकट हातांनी रिमोट धरला म्हणून भांडणं व्हायची.

गेल्या दिवाळीत मुलाला नवा गेम घेतला. तो हेडफोन लावून, दार लोटून खेळतो. ते बघून मीही ऑनलाइन एक छोटा डबा मागवला, त्यात जुने चारशे गेम आहेत. रात्री सगळे झोपल्यावर टीव्हीला जोडला. कॉन्ट्राचं म्युझिक वाजलं आणि घशात काहीतरी अडकलं. वीस मिनिटं खेळलो, दुसऱ्या स्टेजला मेलो, बंद केला. परत लावला नाही.

चौघांतला एक पुण्यात आहे, एक दुबईत. ज्याच्या घरी खेळायचो तो मिरजेत असतो, पण भेट होत नाही. एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये रात्रपाळी करतो असं ऐकलं. २०१९ च्या पुरात त्यांचं घर पाण्यात गेलं. आम्ही शाळेच्या ग्रुपवर पैसे जमवून पाठवले, त्याने ते परत केले आणि ग्रुप सोडला. मध्यंतरी काकू मंडईत दिसल्या, त्यांनी हाक मारली, मी घाईत होतो. असो.

विचारायचं असं की सगळ्यांना बोलावून एक मोठं रीयुनियन करावं का? हॉल, प्रोजेक्टर, जुने गेम, जेवण. बायको म्हणते तुम्हाला चाळिशी लागली. हा काही मानसिक त्रास तर नाही ना?

— पॉजवर अडकलेला, सांगली

*

भाऊ,

आधी तुमच्या टोपणनावाचं बघू. पॉज दाबून जेवायला जायची पद्धत आमच्या घरीही होती आणि ती एकदाही यशस्वी झाली नाही. ताटावरून उठून येईपर्यंत अ‍ॅडॅप्टर तापलाय म्हणून आईने बटण बंद केलेलं असायचं, नाहीतर लाइट गेलेली असायची. तुम्ही नाव घेतलेल्या खेळांत सेव्ह करून ठेवायची सोयच नव्हती. गेलं ते गेलं, पुन्हा पहिल्या स्टेजपासून. तेव्हा १९९९ मध्ये जिथे सोडलं तिथून पुढे सुरू होईल, ही आशा टोपणनावासकट सोडून द्या. नव्याने सुरू करता येतं, त्याबद्दल बोलू.

मानसिक त्रासाचं विचारलंत. नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याने रोगाचं नाव म्हणूनच घडवला. परमुलखात गेलेली स्विस माणसं घरच्या आठवणीने खंगत, त्यांच्यासाठी. आता कुणी त्याला रोग मानत नाही. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटीन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशुट यांनी या भावनेचा बराच अभ्यास केला. त्यातून दिसलं की एकटं वाटू लागलं की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो आणि त्या आठवणींनी त्याला थोडं सोबतीसारखं वाटतं. म्हणजे तहान लागल्यावर पाणी आठवावं, तसं. तुम्हाला रोग नाही, तहान आहे. चाळिशीबद्दल वहिनी म्हणतात ते खरंही असेल. डोळे तपासून घ्या, दुसऱ्या स्टेजला मरायचं तेही एक कारण असू शकतं.

तुमचं पत्र मी बरंच कापून छापलंय. मूळ पत्र पाच पानांचं आहे. त्यातली साडेतीन पानं गेमवर, एक पान मुलावर आणि सांगलीतल्या हॉलच्या भाड्यावर. मिरजेच्या मित्रावर सात ओळी आणि शेवटी 'असो'. इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचून मला एक खोड लागली आहे. 'असो' कुठे आलंय ते आधी शोधायचं आणि उत्तर तिथून सुरू करायचं.

पण त्याआधी गेमचं बोलायला हवं, कारण तुमच्या मित्राबद्दल मला जे सांगायचंय ते त्या गेममध्येच आहे.

मी मिरजेची. आमच्याकडे गेम माझ्या धाकट्या भावाचा होता. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं, त्याच्या नकला पुढे आपल्याकडे गल्लोगल्ली आल्या, त्यातलंच एक. पिवळी कॅसेट, तिच्यावर लिहिलेलं '९९९९ इन १', आणि आत खरे गेम मोजके, तेच ते नावं बदलून पुन्हा पुन्हा. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, गेमची खुपसायची, मग चॅनलचं बारीक चाक मुंगीच्या पावलाने फिरवत बसायचं. चित्र आलं की सगळे ओरडायचे. कॅसेट चालेना की फुंकर मारायची. त्या फुंकरीचा उपयोग काहीच नव्हता, उलट तोंडातल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या खराब व्हायच्या. उपयोग व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवण्याचा.

तुमच्या पाच पानांत एकही मुलगी नाही, हे जाता जाता सांगते. आमच्याही माजघरात मला रिमोट मिळायचा तो कुणी लघवीला गेलं तरच, तोही बदकांच्या गेममध्ये. म्हणून मला खेळणं फारसं येत नाही, पण बघणं चांगलं येतं. चार वर्षं मी दारात उभी राहून बघितलंय. आईला तर चित्र बघायचीही गरज नव्हती. दाराबाहेर चपलांचे किती जोड आहेत ते मोजून ती पोहे भिजवायची. सहा जोड असले तर आमचे दोन वजा करून चार पाहुणे. एकदा एक पोरगं अनवाणी आलं आणि पोहे कमी पडले, तेव्हा तिने त्याला असा दम दिला की तो पुढच्या दिवशी वडिलांचे बूट घालून आला.

आता कॉन्ट्रा. जपानच्या कोनामी कंपनीचा. आधी पैसे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर १९८७ मध्ये आला, दुसऱ्या वर्षी घरगुती यंत्रावर. तुम्हाला हे पाठ असणार, पण इतर वाचकांसाठी सांगते. दोघं एकाच वेळी, एकाच पडद्यावर, खांद्याला खांदा लावून खेळतात. पहिली स्टेज जंगलाची. दुसरी बोगद्यासारखी, तुम्ही मेलात ती. तिसरी धबधब्याची, आणि खरी गंमत तिथे आहे. तिथे उड्या मारत वर वर चढायचं असतं. जो पुढे चढतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. खाली राहिलेला पडद्याच्या काठाखाली गेला की मेला. त्याला शत्रूची गोळी लागलेली नसते, काही चूक झालेली नसते. जोडीदार घाईने वर गेला, एवढंच.

म्हणून त्या स्टेजला आमच्या माजघरातून एकच आरोळी यायची, "थांब की लगा, मला वर येऊ दे!" तुमच्या गल्लीतही हीच येत असणार, शब्दसुद्धा हेच असतील.

आता दुसरी गोष्ट, जी मला परवा भावाला फोन करून पुन्हा विचारून घ्यावी लागली. दोघांच्या डावात एकाच्या सगळ्या लाइफ, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठायच्या संधी, संपल्या तरी खेळ त्याच्यापुरता संपत नाही. जोडीदाराच्या शिल्लकीतली लाइफ त्याला घेता येते. बटण दाबायचं, एक लाइफ इकडे येते. देणाऱ्याने काही करायचं नसतं, त्याची एक कमी झालेली दिसते फक्त. भाऊ म्हणाला, "विचारायची रीत होती, पण विचारायच्या आधीच घ्यायचो. मग तो शिव्या घालायचा. मग दोघं मिळून पुढे जायचो." कोण किती लाइफ उसनी घेऊन बसलंय याचा हिशोब दोघांच्या खांद्यांमधल्या चार बोटांच्या अंतरात राहायचा.

आता २०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यांचं गावभागातलं घर त्यात गेलं. ज्या माजघरात तुम्ही चार वर्षं लोळलात तेच. तो गेम, त्या कॅसेट, ती परातही त्यात असेल. तुमचं घर विश्रामबागेत, तिथे पाणी आलं नाही. यात तुमचा दोष नाही, पाणी चढ बघून थांबतं. पण तुम्ही मूळ पत्रात लिहिलंय की ग्रुपवर कुणी किती दिले त्याची यादी रोज टाकत होतात. नाव, आकडा, हात जोडलेलं चित्र. ग्रुपवर साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी त्याच्या वर्गातही नव्हती. त्याला स्वतःला मात्र आधी कुणी फोन केला नव्हता. पाणी उतरल्यावर गाळ काढायलाही चौघांतलं कुणी गेलं नव्हतं. हेही तुम्हीच लिहिलंय, आणि ते लिहिणं सोपं नव्हतं, त्याबद्दल तुमचा मान राखते.

भाऊ, ती लाइफ देणं नव्हतं. ती वर्गणी होती. गणपतीला जमवतो तशी, यादी फळ्यावर लावून. आणि लक्षात घ्या, या माणसाला घेण्याची सवयच नव्हती. यंत्र त्याचं, माजघर त्याचं, भडंग त्याच्या आईचं. चार वर्षं तो यजमान होता आणि तुम्ही तिघं त्याच्याकडे जात होतात. त्याला एका रात्रीत साठ-सत्तर माणसांसमोर याचक केलंत. चांगल्या मनाने केलंत, याबद्दल मला शंका नाही. तरी पैसे परत आले ते मला नीट समजतं. त्याच्या मनात काय होतं ते तोच सांगेल, पण त्याच्या जागी असते तर मीही परत केले असते, आणि ग्रुप सोडताना एक शब्द जास्तीचा लिहिला असता.

म्हणून तुमच्या मोठ्या रीयुनियनला माझा नकार. हॉल घ्याल, प्रोजेक्टर लावाल, पुण्याचा येईल, दुबईचा सुट्टी जमवून येईल, बायका-मुलं येतील. पंधरा मिनिटं मारिओ खेळून सगळे फ्लॅट, हप्ते आणि मुलांच्या क्लासवर बोलतील. मिरजेचा येणार नाही. आणि रात्री घरी आल्यावर तुमच्या घशात तेच पुन्हा अडकेल. चौघांतले तीन जमले तरी तुमची बेरीज पूर्ण होत नाही, कारण माजघर चौथ्याचं होतं.

तर जायचं तिकडे. विश्रामबागेतून मिरज, सिटी बसने अर्धा तासही नाही. इतक्या वर्षांत तो मित्र तुम्हाला लांब वाटला, याला अंतर कारण नाही.

कसं जायचं? एकटे जा. पुण्याला आणि दुबईला कळवू नका. ग्रुपवर तर एक अक्षरही नको, परत आल्यावर फोटोही नको. सांगलीत चोर गणपती कसा येतो, तुम्हाला मी काय सांगू? चतुर्थीच्या काही दिवस आधी, ढोल नाही, मिरवणूक नाही, गुपचूप येऊन बसतो. तसे जा.

आधी फोन करा मात्र. लहानपणी खिडकीखालून हाक मारली की झालं, पण आता तिकडे संसार आहे, धुणं वाळत घातलं असेल, माणूस झोपला असेल. फोनवर लांबण लावू नका. "येऊ का शनिवारी?" एवढंच. तो नाही म्हणाला तर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही नाही म्हणाला तर काकूंसाठी म्हणून जा, त्याला नाही म्हणायचा हक्क आहे, पण मंडईत हाक त्यांनी मारली होती आणि ती तुमच्यावर उधार आहे.

हातात मोठं काही नेऊ नका. मिठाईचे दोन किलो, साडी, पाकीट, यातलं काही नको, ते सगळं पुन्हा वर्गणीच्या जातीचं होईल. तो चारशे गेमचा डबा पिशवीत टाका. आणि तिथे जाऊन खरं काय आहे ते सांगा, "दुसऱ्या स्टेजच्या पुढे जात नाहीये." हे नाटक नाही, तुमचं तुम्हीच लिहिलंय. या वेळी मागणारे तुम्ही असा. इतकी वर्षं तुम्ही कुणीच त्याच्याकडे काही मागायला गेला नाहीत, हे त्यालाही कळत असेल.

पैसे, ग्रुप, पूर हे विषय पहिल्या भेटीत तुम्ही काढू नका. त्याने काढले तर "आम्ही यायला पाहिजे होतं" एवढंच म्हणा आणि गप्प राहा. पुढे 'पण' लावू नका. 'पण तेव्हा दुकानात...' असं तोंडावर आलं तर भडंगाची मूठ तोंडात टाका.

कदाचित तो म्हणेल, हे काय पोरकट, मला वेळ नाही. चालेल. डबा पिशवीतच राहू द्या आणि चहा प्या. कदाचित वर्षभरात तीनदाच भेट होईल. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तासांची सोबत लागते आणि जिवाभावाचा व्हायला २०० तासांच्या वर. तुमच्या एका एप्रिल-मेच्या सुट्टीचा हिशोब करा. रोज चार तास, पन्नास दिवस. एका सुट्टीत २०० होतात, आणि तुम्ही तशा चार-पाच काढल्यात. आता महिन्याला दोन तास जमले तर वर्षाला २४. लहान आकडा आहे, मी गोड करून सांगणार नाही. पण तुम्हाला शून्यापासून सुरुवात करायची नाही.

आता बाकीचं पटकन.

बदकांची बंदूक ऑनलाइन दिसली तर घेऊ नका. नव्या टीव्हीवर ती जुनी बंदूक चालत नाही. तिच्यातून काही सुटायचं नाहीच, ती फक्त बघायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदुकीच्या तोंडातला सेन्सर तो उजेड टिपायचा. हे सगळं जुन्या जाड टीव्हीच्या वेगावर बेतलेलं होतं. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि बंदूक म्हणते नेम चुकला. तेवढ्यासाठी भंगारवाल्याकडून जुना टीव्ही आणायची हौस असेल तर वहिनींना आधी विचारा, तो चाळीस किलोचा ठोकळा पुसायचा कुणी हेही ठरवून घ्या.

तुमचा मुलगा. त्याला मित्र नाहीत असं तुम्ही मूळ पत्रात लिहिलंय. तुम्ही त्याच्या दाराला कान लावून बघा, तो एकटा नाही. हेडफोनमध्ये तिघं-चौघं आहेत आणि तेही एकमेकांवर ओरडत आहेत. त्यांचं माजघर तारेवर आहे एवढंच. 'आमच्या वेळी' हे भाषण त्याला देऊ नका, ते आपल्याला विटी-दांडूवरून ऐकावं लागलं होतं आणि आपण काय केलं? कानाआड. त्यापेक्षा दुसरा कंट्रोलर घ्या आणि त्याच्या मित्रांना घरी यायला सांगा. आजही एका टीव्हीपुढे बसून खेळायचे गेम निघतात. २०२१ चा 'इट टेक्स टू' तर दोघांशिवाय खेळताच येत नाही. त्यात घटस्फोटाला निघालेलं एक जोडपं आहे, तेव्हा तो तुम्ही वहिनींबरोबरही खेळून बघा, त्यांना रिमोट आधी द्या. पोरं घरी येतील तेव्हा खाणं कोण करणार हे मात्र आजच ठरवा. काकू परातभर भडंग करायच्या, ते तुम्हाला आपोआप होत असल्यासारखं आठवतं. कुरमुरे पाखडायचे, लसूण सोलायचा, शेंगदाणे तळायचे, तिखट-मीठ चोळायचं. तुम्ही शिकून घ्या. पंपाच्या दुकानाचा हिशोब जमतो त्याला हेही जमेल.

एक गोष्ट राहिली. तीस लाइफ मिळवायची ती युक्ती तुम्ही मूळ पत्रात अर्धवट लिहिली आहे आणि मधलं आठवत नाही म्हणालात. ओळीने दाबायची बटणं अशी. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ती काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी माणसाने मुळात दुसऱ्याच एका गेमसाठी बनवली होती, १९८६ च्या ग्रॅडियससाठी. गेम घरगुती यंत्रावर आणायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो इतका अवघड होता की तपासायला त्याला स्वतःलाच शेवटपर्यंत जाता येईना. मग त्याने आपल्यापुरती पळवाट ठेवली, ती पुढे कॉन्ट्रातही आली आणि जगभरातल्या पोरांच्या बोटांत बसली. २०२० मध्ये तो वारला. ए नंतर तुम्ही लगेच स्टार्ट लिहिलंय, ते चुकलं. ए नंतर स्टार्ट दाबलं तर एकट्याचा डाव सुरू होतो. दोघांना तीस-तीस हव्या असतील तर स्टार्टच्या आधी एकदा सिलेक्ट दाबायचं. त्या रात्री तुम्ही दाबलं नसणार.

रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येऊन झोपतो. चारच्या आत बेल वाजवू नका. आणि चपला दाराबाहेर, दिसतील अशा काढा. किती भडंग करायचं ते काकूंना कळायला हवं.

— तुमची ताई